सीताफळाच्या बियांचं जरा जपून
सीताफळाच्या बिया वाटून लावल्या की उवा एका रात्रीत साफ, असं कोणीतरी लिहिलंय. मरतात हो, खोटं नाही, आमच्या जळगावकडे सीझनला बिया वाळवून ठेवायचेच, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते हे कोणी सांगत नाही. माझ्या मावसबहिणीला आजीने लेप लावून फडकं बांधलं, पोरीने झोपेत डोळे चोळले, सकाळी डोळा लालभडक, उघडेच ना, धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळावं लागलं. उवांसाठी डोक्याला रॉकेल लावायचं तर नावच नको.

आणि उवांचं लोशन एकदा लावून थांबू नका, बहुतेक लोशनने सगळ्या लिखा मरत नाहीत, त्या ७ ते १० दिवसांत फुटतात म्हणून नवव्या दिवशी परत लावायचं. मी तर मुलीच्या ओल्या केसांना कंडिशनर चोपडून दर तीन दिवसांनी बारीक फणी फिरवली, दोन आठवडे, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासली. सासूबाई "मना डोकामा काहीच नही" म्हणत टाळत होत्या, सगळ्यात जास्त त्यांच्याच निघाल्या.