तिसरी स्टेज म्हणजे सगळं संपलं असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की तिसऱ्या स्टेजच्या अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं काढणंही अवघड, उगाच खोटी आशा दाखवू नका. आजार बहुतेकींना पुन्हा उलटतो, हे खरंच आहे. पण आशा खोटी नाही हो. माझी मावशी लातूरकडची. 2011 मध्ये पोट फुगलं, चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाण्यात गेले, मग पोटातलं पाणी काढल्यावर कळलं. बार्शीला ऑपरेशन, सहा केमो. 2014 ला पुन्हा उलटला, पुन्हा केमो. यंदा येळवशीला, म्हणजे शेतातल्या वेळ अमावस्येच्या सणाला, तिनेच भज्जी रांधली, आंबिलाचं मडकं सुनेच्या हाती न देता स्वतः शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत नेलं. अजूनही सीए-125 चा, म्हणजे आजार उलटला का ते बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत ती नीट जेवत नाही, ते वेगळं.

इथे कुणी बीआरसीए तपासणीचं, म्हणजे घराण्यात उतरणारा जनुकातला दोष शोधणाऱ्या तपासणीचं बोललं नाही, म्हणून लिहिते. पाच वर्षांचे आकडे जुन्या उपचारांवरचे असतात. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या, तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या बायकांना केमोनंतर ओलापॅरिब नावाच्या कॅन्सरवरच्या गोळ्या देऊन पाहिल्या. सात वर्षांनी त्यांतल्या 67 टक्के हयात होत्या, गोळी न मिळालेल्यांत साधारण 46 टक्के. प्रत्येकीला ती चालेलच असं नाही, पण डॉक्टरांना ही तपासणी नक्की विचारा. दोष निघाला तर लेकीबाळींची आणि बहिणींचीही करून घ्या. आमच्याकडे मावशीमुळे माझ्या आईची झाली.