कर्ज अ‍ॅपने घेतलेलं 'सदस्यता शुल्क': रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कशी मांडावी?

नमस्कार मंडळी, डिजिटल कर्जाच्या तक्रारी हाताळणाऱ्यांची मदत हवी आहे.

एका घरकाम करणाऱ्या ताईंनी अ‍ॅपवरून 30 दिवसांसाठी 10,000 रुपये घेतले. कर्ज एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं), पैसे थेट त्यांच्या बँक खात्यात आले, इथवर नियमाप्रमाणे. पण त्याआधी अ‍ॅपने यूपीआयवर 800 रुपये 'सदस्यता शुल्क' घेतलं. ते भरल्याशिवाय पुढची स्क्रीनच उघडत नव्हती! कर्जाच्या माहितीपत्रकात (केएफएस) फक्त 200 रुपये व्याज आहे, म्हणून वार्षिक खर्चाचा दर सुमारे 24 टक्के दिसतो. प्रत्यक्षात हातात पडले 9,200 आणि फेडायचे 10,200, म्हणजे साध्या हिशेबाने 132 टक्के.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या आणि नंतर 2025 च्या नियमांनुसार अ‍ॅपवाल्याचा मोबदला कर्ज देणाऱ्या संस्थेनेच द्यायचा, कर्जदाराकडून घ्यायचा नाही. एनबीएफसी मात्र हात झटकते: "शुल्क अ‍ॅपचं, आमचा संबंध नाही." हे मला अजिबात पटत नाही. एजंटच्या वागण्याची जबाबदारी संस्थेचीच.

तक्रार आधी अ‍ॅपकडे गेली, एनबीएफसीच्या नोडल (तक्रार निवारण) अधिकाऱ्याकडे दहा दिवसांनी. मग लोकपालाकडे जाण्याआधी संस्थेच्या उत्तराची वाट पाहायचे 30 दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे? आणि यूपीआयची पावती 'सदस्यता' म्हणून असल्याने ती कर्जाशी जोडायला स्क्रीनशॉट पुरतील, की बँक स्टेटमेंटवरच्या वेळाही लावाव्यात? कुणी सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रार संकेतस्थळावर) अशी तक्रार चालवली असेल तर मसुद्यातला मुख्य परिच्छेद इथे टाका, प्लीज. परतफेडीची तारीख जवळ आली आहे.