मदत हवी आहे: व्हीएलसीत ‘फुल बेस’ लावला की अभंगातला आवाज दबतो

टाळ_चिपळ्या
विंडोज 11, व्हीएलसी 3 (गाणी-व्हिडिओ वाजवायचा प्लेअर), वायरचे हेडफोन. अभंगांच्या एमपीथ्री ऐकताना डग्गा भरीव यावा म्हणून इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे सूर पट्ट्या सरकवून वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) ‘फुल बेस’ निवडलं. डग्गा वाढला, पण गाणारा गोधडीतून गातोय असं वाटतं आणि मोठ्या घुमाऱ्यावर आवाज फाटतो. पट्ट्या हाताने कशा लावायच्या? प्रीअँपचं नेमकं काम काय?

मंद्रसप्तक
कारण त्या प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंगच्या, आकड्यांतच आहे. कंट्रोल आणि ई दाबा, ऑडिओ इफेक्ट्समधला ग्राफिक इक्वलायझर उघडा. 170 आणि 310 हर्ट्झच्या पट्ट्या (आकडा लहान तितका सूर खालचा) 9.6 डेसिबल वर आहेत. 3 किलोहर्ट्झची मात्र 4 ने खाली, 6 ची 8 ने आणि त्यापुढच्या तिन्ही 10-11 ने खाली. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे. ती, टाळ आणि तबल्याची चाट यांचा बराचसा भाग तिथेच असतो. शिवाय 60 ची पट्टीही 8 ने खाली! म्हणजे खोल बेस वाढतच नाही, वाढतो तो 310 च्या आसपासचा बद्दपणा.

आता प्रीअँप. तो एकूण पातळी ठरवतो. ‘फ्लॅट’ निवडलं की तो 12 वर जातो आणि तिथे पातळी मूळचीच राहते, म्हणून 12 हाच इथला शून्य समजा. डिजिटल आवाजाला वरची हद्द असते आणि बऱ्याच एमपीथ्री आधीच तिला टेकलेल्या असतात. त्यावर 9 डेसिबल चढवले तर लाटेचा माथा छाटला जातो, तोच तुमचा फाटका आवाज. सगळ्यात उंच पट्टी जितकी वर, निदान तितका प्रीअँप 12 वरून खाली घ्या.

‘फ्लॅट’ निवडून इथून सुरुवात करा: 60 ला +3, 170 ला +2, 310 ला −3, 600 ला −1, 3 किलोहर्ट्झला +2, बाकी शून्य. प्रीअँप 8, हिशेबाने 9 येतो, पण शेजारच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात म्हणून एक जास्तीचा सोडला. आवाज कमी वाटला तर विंडोजचा व्हॉल्यूम वाढवा. व्हीएलसीची व्हॉल्यूमची पट्टी 125 टक्क्यांपर्यंत जाते, पण 100 च्या वर नेली की पुन्हा फाटणार.

टाळ_चिपळ्या
शब्द मोकळे झाले, फाटणंही थांबलं. आता ‘स’, ‘श’ थोडे टोचतात. ‘टू पास’वर खूण आहे, ती ठेवू का?

जवारी
काढा. तिने तेच फिल्टर दोनदा लागतात, म्हणून छोटा बदलही भडक होतो. तरीही टोचलं तर 6 किलोहर्ट्झला −2 करा, 3 ला हात लावू नका. विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, साउंडमध्ये हेडफोनवर क्लिक करून ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद आहे ना तेही बघा, नाहीतर दोन ठिकाणी बेस वाढत राहील.

78 आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेल्या जुन्या फाइल्सना वेगळं सेटिंग लागतं. तिथे 12, 14 आणि 16 किलोहर्ट्झ 6 ते 8 ने खाली घ्या. त्या भागात गाणं फारसं नसतंच, खरखर असते. लॅपटॉपच्या स्पीकरवर 60 वाढवण्यात अर्थ नाही, तेवढा खालचा आवाज ते काढूच शकत नाहीत.

खिडकी बंद करण्याआधी ‘सेव्ह’ दाबायला विसरू नका.