उ: उठावाच्या विणीची बाळब्लँकेट

क्रोशाच्या वॅफल विणीत (उठावाच्या खांबांनी खोलगट चौकोन पडतात ती वीण) ब्लँकेट वर जाताना अरुंद होते आहे, असं तुम्ही लिहिलंय. विणताना हात घट्ट पडतो म्हणून नसावं. बहुतेक ओळीचा शेवटचा खांब (सुईवर दोरा घेऊन विणलेला उंच टाका) सुटतोय, कारण सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच एक खांब असतो आणि परतताना त्यांच्या टोकावर विणायचं राहून जातं. मी पहिल्या ब्लँकेटला अशा तब्बल चाळीस ओळी उसवल्या होत्या! आता पहिल्या आणि शेवटच्या खांबाला रंगीत दोरा बांधते.

दुसरं म्हणजे लोकर. उठावाचा खांब खालच्या खांबाला वळसा घालून येतो, त्यामुळे साध्या विणीपेक्षा लोकर बरीच जास्त लागते. एकाच डाय लॉटचे (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचे) दोन गुंडे जादा घेऊन ठेवा, नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घेतलीत तर ब्लँकेट पुठ्ठ्यासारखी कडक होणार नाही. आणि ॲक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात नको, चौकोन कायमचे चपटे होतात. ओलसर असतानाच सपाट पसरून वाळवा. ब्लँकेट भेट देताना ही काळजी लिहिलेली चिठ्ठीही सोबत द्या.