मदत हवी आहे: रानटर्कीच्या शिकारीसाठी जुनी दुनळी बंदूक निवडावी का?

सप्रेम नमस्कार.

मी गेली १८ वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात राहतो आणि मागचे तीन वसंत ऋतू रानटर्कीच्या शिकारीला जात आहे. येत्या हंगामासाठी एक जुनी बंदूक निवडायची असून त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझे मूळ गाव सिंधुदुर्गात आहे आणि आजोळच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असे, त्यामुळे बंदूक ही वस्तू मला अनोळखी नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि ते योग्यच झाले, असे मी मनापासून मानतो. इथल्या टर्कीची गोष्ट मात्र वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे उरलेले जंगली पक्षी जाळ्यांत पकडून रिकाम्या जंगलांत सोडण्यात आले आणि त्या कामाचा बराच खर्च शिकाऱ्यांच्या शुल्कातून आणि करांतून निघाला. तेव्हा शिकार करावी की करू नये, ही चर्चा या धाग्यावर होऊ नये, अशी नम्र विनंती आहे.

मला ही शिकार शिकवली ती आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणत असू. झाडावर झोपलेल्या नराने पहिली हाक देण्याआधीच अंधारात जागेवर जाऊन बसायचे. आपल्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाहून त्याला पाठ टेकायची, म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या चुकीपासूनही बचाव होतो. अंगावर लाल, पांढरे किंवा निळे काहीही ठेवायचे नाही, कारण नराच्या डोक्यावर नेमके तेच रंग असतात. आणि मग लाकडी पेटीच्या झाकणाला खडू लावून मादीचा आवाज काढायचा आणि वाट पाहायची. आमच्या राज्यात वसंतात फक्त दाढीवाला, म्हणजे छातीवर राठ केसांसारखा झुबका असलेला पक्षी मारता येतो, आणि तोही बोलावूनच. दबकत त्याच्या मागावर जाणे कायद्याला मंजूर नाही. तासन्‌तास बसून अखेरीस एकच बार मिळतो आणि तो डोक्यावर व मानेवरच बसावा लागतो.

आजोबा मागच्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्यानंतर महिन्याभराने आजींनी त्यांची बंदूक माझ्या हातात ठेवली आणि ही तू जंगलात ने, कपाटात ठेवू नकोस, असे सांगितले. परवानाधारक विक्रेत्यामार्फत तिचे हस्तांतर रीतसर झाले आहे.

बंदूक बारा बोअरची फॉक्स स्टर्लिंगवर्थ आहे: शेजारी-शेजारी दोन नळ्या, घोडे आतल्या बाजूला, दोन चाप. नळ्यांवर फिलाडेल्फियाचे नाव आहे, म्हणजे सॅव्हेज कंपनीने १९२९च्या अखेरीस हा कारखाना घेऊन काम न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे हलवले, त्याच्या आधीची ती असणार. नळ्या दमास्कस पद्धतीच्या, पट्ट्या पिळून घडवलेल्या नाहीत, सलग पोलादाच्या आहेत. मी त्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, खालच्या आकड्यात बोट अडकवून लोंबत्या धरल्या आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टकटक केली, तेव्हा दोन्हींचा स्वच्छ नाद बराच वेळ टिकला. नळ्यांमधल्या पट्टीचे डाख कुठे सुटले असते तर आवाज बद्द आला असता, असे मला आजोबांनीच सांगितले होते. वरची कळ बंद केल्यावर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबते, त्यामुळे सांधा फारसा झिजलेला नसावा. दस्त्याच्या डाव्या अंगाला, जिथे त्यांचा गाल टेकत असे, तिथे लाकूड तळहाताएवढ्या जागेत गडद आणि गुळगुळीत झाले आहे.

माझी चिंता अशी आहे. पहिल्याच वसंतात मी उसन्या आणलेल्या नव्या बंदुकीने एका नरावर बार टाकला होता. मला अंतर पस्तीस पावलांचे वाटले. नंतर मोजले तेव्हा ते ५२ भरले. जमिनीवर पाच-सहा पिसे पडली होती. दोन तास शोधूनही पक्षी सापडला नाही. त्या दिवशी आजोबा मला रागावले नाहीत, पण परतताना गाडीत काही बोललेही नाहीत. पुन्हा कोणताही पक्षी माझ्या हातून जखमी होऊन जाऊ नये, यासाठी बंदूक भावनेच्या भरात निवडायची नाही, असे मी ठरवले आहे.

या स्टर्लिंगवर्थच्या दस्त्याला उतार फार आहे. नळ्यांच्या वरच्या रेषेपासून त्याची टाच जवळजवळ ३ इंच खाली येते. झाडाला टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून मी नेम धरतो तेव्हा नकळत माझा गाल लाकडावरून उचलला जातो, आणि कागदावर ३० यार्डांवरून टाकलेल्या तिन्ही बारांचा मध्य नेमापेक्षा सुमारे अर्धा फूट वर गेला. शिवाय त्या काळातील बारा बोअरच्या कित्येक बंदुकांत काडतुसाची खोबण आजच्या २ ३/४ इंचांपेक्षा आखूड असे, आणि ही मी अद्याप मोजून घेतलेली नाही. कागदावर मी दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून कमी दाबाची, अडीच इंची काडतुसेच वापरली.

दुसरीकडे, गावातील एका दुकानात दोन जुन्या एकनळी पंप बंदुका (नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायच्या) आहेत. एक इथाका ३७ आहे, जिचे रिकामे काडतूस खालून बाहेर पडते आणि वजन साडेसहा पौंडांच्या आसपास असल्यामुळे ती डोंगर चढताना जाणवत नाही. दुसरी विंचेस्टर मॉडेल १२ आहे. १९१२ ते १९६४ या काळात अशा सुमारे २० लाख बंदुका बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. दोन्हींच्या खोबणी २ ३/४ इंचांच्या आहेत आणि नळ्यांचा चोक, म्हणजे छरे एकवटण्यासाठी तोंडाशी केलेला अरुंद भाग, पूर्ण आवळलेला आहे. निव्वळ कामाचा विचार केला तर यांपैकी एक घ्यावी, असे डोके सांगते.

मला असे विचारायचे आहे की, दुनळी बंदूक या शिकारीला खरोखर योग्य आहे का, आणि असल्यास तिच्यात कोणती काडतुसे घालावीत व किती अंतरापर्यंत बार टाकावा? तसेच, दस्त्याला रंधा किंवा कानस न लावता त्याची उंची जमवता येईल का? ते लाकूड कापायला माझे मन घेत नाही.

प्रतिसाद १

आपण बार टाकण्याआधी विचारलेत, हे फार चांगले केलेत. मी विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षे जुन्या दुनळी बंदुका वापरत आहे.

सर्वप्रथम खोबण आणि नळ्यांच्या भिंतींची जाडी जाणकाराकडून मोजून घ्यावी. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडून तोंड उघडल्यानंतरची असते, त्यामुळे २ ३/४ इंची काडतूस आखूड खोबणीत सहज बसते आणि माणूस फसतो. बार झाल्यावर त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. खोबण पोखरून लांब करून देणारे भेटतील, पण त्याने तिथली भिंत पातळ होते. आजच्या २ ३/४ इंची काडतुसांना कमाल ११,५०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब संमत आहे. आपल्या बंदुकीला तेवढा मार द्यायचे काहीच कारण नाही. जी कमी दाबाची काडतुसे आपण आणली आहेत, तीच चालू ठेवावीत.

छऱ्यांमध्ये शिसे किंवा बिस्मथच घ्यावे. पोलादी छरे जुन्या आवळलेल्या चोकमध्ये दबत नाहीत आणि नळीच्या तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. हल्ली टर्कीसाठी टंगस्टनच्या छऱ्यांचा फार बोलबाला आहे, त्यांची घनता शिशाच्या ११.३च्या तुलनेत १८च्या घरात असते. पण ते पोलादाहूनही कठीण असतात आणि या वयाच्या नळ्यांसाठी नाहीत.

आता अंतराचा हिशेब करू. ६ नंबरच्या (हा छऱ्याच्या आकाराचा क्रमांक) शिशाचे एका औंसात साधारण २२५ छरे बसतात, म्हणजे सव्वा औंसात २८१ आणि १ १/८ औंसात सुमारे २५३. पूर्ण चोक म्हणजे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे, अशी जुनी व्याख्या आहे. मात्र टर्कीचे शिकारी १० इंची वर्तुळात १०० छरे मोजतात आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३० इंची वर्तुळाच्या एक नवमांश असते. छरे मध्यभागी दाट असले तरी १ १/८ औंसाच्या बारात ती शंभरी चाळीस यार्डांवर कधीच भरणार नाही. ती भरते ती त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर. म्हणून दुनळीचा शिकारी पक्ष्याला जवळ बोलावतो. हे ज्याला मान्य नसेल त्याने खुशाल पंप बंदूक घ्यावी. आणि घ्यायचीच झाली तर दोन्हींपैकी मी हलकी इथाका घेईन.

दोन चाप ही मात्र या बंदुकीची खरी जमेची बाजू आहे. पुढचा चाप उजवी, मोकळी नळी उडवतो आणि मागचा डावी, आवळलेली. पक्षी बारा पावलांवर अचानक उभा राहिला तर आवळलेल्या चोकचा झोत मुठीएवढा असतो आणि सहज चुकतो; अशा वेळी बोट पुढच्या चापावर न्यावे. बाकी बहुतेक वेळा पहिला बार मागच्या चापानेच टाकावा. आणखी एक गोष्ट, नळ्या उघडल्या की आपोआप लागणारा सुरक्षेचा खटका ज्या बंदुकीला असतो, तिच्या शिकाऱ्याने तो अंगठ्याने दाबून धरत, आवाज न करता पुढे सारण्याचा घरी रिकाम्या बंदुकीवर सराव करावा. शांत पहाटे तेवढी एक टिकही नराला पुरते.

दस्त्यासाठी नाडीने बांधायची चामड्याची गादी मिळते. तिच्यात पातळ थर घालून उंची जमवता येते, गाल टेकलेला राहतो आणि लाकडाला हत्यार लागत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मोजमाप करून घेतले. खोबण २ ५/८ इंच भरली, भिंती सगळीकडे पुरेशा जाड आहेत आणि आत कुठेही खड्डे किंवा पोक नाही. चामड्याची गादी बांधून, त्याच अडीच इंची काडतुसांतील १ १/८ औंस, ६ नंबर शिशाचे तीन-तीन बार बसून टाकले. झोताचा मध्य आता नेमाच्या जागी येतो. डाव्या नळीने १० इंची वर्तुळात ३० यार्डांवर ६४, ७१ आणि ६७ छरे पडले, तर २५ यार्डांवर ९४, ८८ आणि ९७. त्यामुळे मी २५ ही मर्यादा ठरवली आहे. हंगामाच्या पहाटे बसल्यावर त्या अंतरावरच्या एका झाडावर आधीच नजर ठरवून ठेवीन आणि पक्षी त्याच्या अलीकडे आला नाही तर बार टाकणार नाही. दुकानातील पंप बंदुका मी घेत नाही.

एक शंका उरली आहे. गादी बरोबर त्या गुळगुळीत जागेवर येते. दस्त्याला तेलाचा जुना हात आहे. पावसात चामडे भिजले तर त्याचा रंग किंवा डाग लाकडात उतरेल का, आणि मध्ये कापड घातल्यास ते कोणते घालावे? हंगाम संपला की गादी सोडून बंदूक आजींना दाखवायला न्यायची आहे, आणि ती जागा त्यांना आहे तशी दिसायला हवी.