कापडी छपराची ओपॅसिटी कमी करणं ही फसवणूक आहे

धागाकर्ता: मत तिखट आहे, आधीच सांगतो. टेन्साइल, म्हणजे ताणून बसवलेल्या कापडी छपराचं रेंडर (संगणकावरचं हुबेहूब चित्र) करताना ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, साठ टक्क्यांवर आणून हात झटकणाऱ्यांनी एकदा दिवाळीचा आकाशकंदील नीट बघावा. कागदाला चिकटलेली काडी रेघेसारखी ठळक दिसते, आतला बल्ब मात्र नुसता उजेड होऊन पसरतो. कापडाचंही तेच. छपरावर कावळा बसला तर खालून त्याची सावली दिसायला हवी, कावळा नव्हे. ओपॅसिटी उतरवली की ढगांसकट सगळं आरपार दिसतं, म्हणजे काचच झाली ती. उजेड असा पसरवून सोडायची सोय रेंडरच्या सॉफ्टवेअरांत आहेच: व्ही-रेमध्ये टू-साइडेड मटेरियल आहे, सायकल्समध्ये ट्रान्सल्यूसंट शेडर (पृष्ठभागावर उजेड कसा वागेल ते ठरवणारी सेटिंग) आहे. पाच मिनिटांचं काम.

डेडलाइनग्रस्त: पाच मिनिटं तुमची. आमच्याकडे रात्री अकराला फोन येतो, "सकाळी प्रेझेंटेशन आहे, छप्पर जरा उजळ करा." तेही फ्रेमच्या कोपऱ्यात असतं. कावळा कोण बघतंय? आणि म्युनिकचं १९७२ चं ऑलिंपिक छप्पर बघा, आरपार आभाळ दिसतंच की!

शेडरपंत: अहो, ते कापड नाहीच. तारांच्या जाळ्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते आहेत. तिथे ओपॅसिटी चालेल, खुशाल वापरा.

टेन्साइलवाली: मी छपरं बसवणाऱ्यांच्या बाजूची. "जरा उजळ करा" हे आम्हाला महागात पडतं. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) लेप दिलेलं काचतंतूचं कापड साधारण १० ते १५ टक्केच उजेड खाली सोडतं. जेद्दाच्या हज टर्मिनलवर (१९८१) याच जातीच्या कापडाचे २१० तंबू आहेत, ते सावलीसाठी, कंदिलासाठी नव्हे. एका कामात रेंडरमध्ये छप्पर ट्यूबलाइटसारखं पेटलेलं होतं. प्रत्यक्षात कापड चढलं तेव्हा मालक म्हणाले, "मळकं कापड लावलंत." नवं पीटीएफई बदामीच असतं हो, उन्हानं हळूहळू पांढरं होतं. हे त्यांना पटवण्यात बिल अडकलं ते अडकलंच. त्यामुळे माझी तक्रार धागाकर्त्यांबद्दलही आहे. शेडर बरोबर आणि टक्केवारी मनची, तर चित्र खोटंच.

धागाकर्ता: टक्केवारीचं मान्य, ताई. पण बदामी छप्पर क्लायंटला दाखवायचं? काम हातचं जाईल.

टेन्साइलवाली: दोन चित्रं द्या. पहिल्या दिवसाचं आणि नंतरचं.

शेडरपंत: शिवण विसरू नका. पट्टे एकमेकांवर चढवून जोडलेले असतात, तिथे कापड दुहेरी, म्हणून खालून गडद पट्टी दिसते. वानखेडेच्या छपराखाली बसाल तेव्हा मान वर करून बघा. माझ्या मते शेडरपेक्षा ही पट्टीच "हे कापड आहे" असं सांगते. ती नसेल तर छप्पर प्लास्टिकच्या टबासारखं दिसतं.

डेडलाइनग्रस्त: बरं, आत्ता करून पाहिलं. छप्पर काळंकुट्ट आलं. हेच का ते सत्य?

शेडरपंत: मॉडेलला जाडी दिली असणार. मग उजेड दोन थरांतून जातो, दहा टक्क्यांचे दहा टक्के, उरतो एक. सॉलिडिफाय (मॉडेलला जाडी देणारं साधन) काढा, बिनजाडीचा एकच थर ठेवा.

डेडलाइनग्रस्त: काढला. झकास आलं, मानलं. आता क्लायंट विचारतोय, छपरावर हे काळे ओरखडे कसले? केबलची सावली आहे म्हटलं, तर म्हणतो, "ती पुसून टाका."