'पेरेंट ट्रॅप' म्हणे गोड पिक्चर! मला तर त्या आईबापाला कोर्टात उभं करावंसं वाटतं

खडीसाखर:
परवा इथे एकाने लिहिलं की सुट्टीत मुलांना 'द पेरेंट ट्रॅप' दाखवा (१९९८चा, लिंडसे लोहानवाला), "निखळ, गोड, सहकुटुंब बघावा असा". तिथेच उत्तर देत होते, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढला.

रविवारी लेकीबरोबर परत बघितला. कॅम्पमध्ये दोघी जुळ्या (बापाकडे वाढलेली हॅली आणि आईकडची अ‍ॅनी, एकमेकींना न ओळखणाऱ्या) आधी एकमेकींच्या जिवावर उठतात, मग शिक्षा म्हणून एका केबिनमध्ये कोंडल्यावर गट्टी जमते, मग दोघींकडच्या फोटोचे फाटलेले तुकडे जुळतात, तिथे मीही डोळे पुसले, नाही म्हणत नाही. पण लेक (वय ९) म्हणाली, "म्हणजे आईला माहीत होतं की हॅली आहे? मग तिने वाढदिवसाला फोनपण नाही केला?" काय सांगणार? बाप कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या मळ्यात, आई लंडनमध्ये लग्नाचे गाऊन डिझाइन करतेय, आणि जुळ्या मुली वाटून घेतल्या, डबे तुझे कुकर माझा तशा. दोघींपैकी एकीलाही बहीण आहे हे सांगितलेलं नाही. आणि याबद्दल अख्ख्या पिक्चरमध्ये एक सॉरी नाही. शेवटी बाप कॉन्कॉर्ड विमानाने लंडन गाठतो, जहाजावर परत लग्न, टाळ्या.

टिवल्याबावल्या:
ताई, डिस्नेचा पिक्चर आहे, फॅमिली कोर्टाचा निकाल नाही. ओरिओला पीनट बटर लावून खायचा सीन बघून ज्याने घरी काही प्रयोग केला नाही त्याने या पिक्चरवर बोलूच नये. तेव्हा आपल्याकडे ओरिओ कुठलं, मी पार्ले-जीला शेंगदाण्याची चटणी लावली होती. लसणीची. असो.

बोरकूट:
आमच्या 'दो कलियाँ'मध्ये (१९६८) निदान भांडायला कारण होतं. माला सिन्हाची आई जावयाला घरजावई करायला बघते, तो निघून जातो. इथे काय, तर बाईने हेअर ड्रायर फेकून मारला आणि हा मागे गेला नाही! नीतू सिंग तेव्हा बेबी सोनिया होती, तिचा डबल रोल बघा आणि मग लिंडसेचं कौतुक करा.

मंद्रसप्तक:
दोन्हीचं मूळ एकच, एरिश केस्टनरचं १९४९चं जर्मन पुस्तक. एक मुलगी म्युनिकला आईकडे, दुसरी व्हिएन्नाला संगीतकार बापाकडे. त्यात लेखक गोष्ट मध्येच थांबवून मोठ्यांनाच झापतो, की घटस्फोटाने मुलं पोळतात, तर मग त्यांच्याशी त्याबद्दल बोलायचं का नाही? डिस्नेने सरड्याची गंमत घातली आणि हे काढलं.

खडीसाखर:
@मंद्रसप्तक, मी हेच म्हणतेय ना! फक्त मला जर्मन येत नाही.

गवतीचहा:
मी अशाच वेगळं झालेल्या आईबापाची मुलगी आहे म्हणून लिहिते. सहावीत असताना मैत्रिणीकडे केबलवर बघितला आणि दोघींनी प्लॅन केला. गॅदरिंगला आईला सांगितलं पाचला ये, बाबांना पण पाचला. दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या, एकीवर वॉटरबॅग, एकीवर डबा. मी स्टेजवरून बघते तर तिथे कुणाच्या तरी आजी आणि त्यांची पिशवी. आई डाव्या भिंतीशी, बाबा पार मागे दारात. नंतर दोघांनी वेगवेगळी पावभाजी खाऊ घातली, पहिलीनंतर भूक नाही म्हणायची हिंमत झाली नाही, रात्री ओकले. पिक्चर वाईट नाही हो. पण त्यानंतर दोन वर्षं मला वाटायचं माझाच प्लॅन कच्चा होता.

नागपुरी_तर्री:
मला भलतंच खटकलं. हॅली दुसरीच्या पासपोर्टवर सरळ लंडनला उतरते! इथे माझ्या मुलाचा पासपोर्ट काढताना काउंटरवरचा माणूस विचारतो, "मिस्टर आले नाहीत?" डिसेंबर २०१६पासून अर्जात एकाच पालकाचं नाव चालतं, दुसऱ्याची संमती नसेल तर अ‍ॅनेक्शर सी भरायचं. मी भरून नेलं होतं. तरी तीन चकरा.

एकटा_जीव:
छान. म्हणजे बापाला न विचारता पोर देशाबाहेर. मुलांच्या बेपत्ता होण्याच्या गोष्टी इथूनच सुरू होतात.

नागपुरी_तर्री:
बेपत्ता? मुलाला आत्याकडे दुबईला न्यायचं होतं. बापाच्याच सख्ख्या बहिणीकडे!

एकटा_जीव:
तुमचं असेल तसं. मला महिन्यातून दोन शनिवार दोन-दोन तास मिळतात, त्यातला एक "ताप आलाय" मध्ये जातो. कायद्यात १९५६पासून बाप पहिला नैसर्गिक पालक लिहिलाय म्हणे, शोभेला. आणि आई परदेशातून मूल घेऊन इकडे आली तर बाप तिकडे बोंबलत बसतो, कारण एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवायच्या १९८०च्या हेग करारात भारत नाहीच.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी):
आणि का नाही तेही लिहा की. मार खाऊन मूल घेऊन माहेरी पळून आलेल्या बाईला परत त्याच दारात उभं करतील, ही भीती आहे. माझ्या ओळखीत अशी एक आहे. तुमच्या दोन तासांचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण त्यासाठी तिला विमानात बसवू नका.

एकटा_जीव:
बायका एकमेकींची बाजू घेणारच.

टिवल्याबावल्या:
मी पुरुष आहे आणि मीही तिचीच बाजू घेतोय, आता काय करता?

खडीसाखर:
धागा पेरेंट ट्रॅपचा आहे!! हेग आणि अ‍ॅनेक्शर दुसरीकडे न्या. @एकटा_जीव, "बायका एकमेकींची" वगैरे इथे नको.

एकटा_जीव:
ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही. आणि तुमच्या पिक्चरबद्दलच बोलायचं तर त्या बापाकडे मुलगी अकरा वर्षं रोज होती, आणि लोकांना तो बिचारा वाटतो.

खडीसाखर:
घ्या. पहिल्यांदा आपलं पटलं. आनंद झाला असं मात्र समजू नका.

बोरकूट:
'दो कलियाँ' कुणीच बघणार नाही वाटतं.

गवतीचहा:
बघीन काका. @नागपुरी_तर्री, ते अ‍ॅनेक्शर सी भरलेलं असेल तर नमुना व्यनि (खाजगी निरोप) करा ना. माझ्यासाठीच हवंय, लेकीच्या पासपोर्टला.